रात्रभर हौदात राहिलेला रस

आमच्या गुऱ्हाळावर एकदा गूळ बसला नव्हता. मी तेव्हा आठवीत होते, मार्च महिना, परीक्षा तोंडावर आलेली आणि मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन चुलवाणापासून जरा लांब बाजेवर बसलेले. दुपारी घाण्याचं इंजिन बंद पडलं. हौदात तोवर एका काहिलीला, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या कढईला, पुरेल एवढा रस गाळून झाला होता, पण बाकी ऊस तसाच, त्यामुळं आबा म्हणाले थांबा, इंजिन नीट झालं की सगळं संगंच काढू. लातूरहून मिस्त्री यायला रात्र झाली, सामान मिळालं सकाळी, आणि तो रस तिथंच हौदात, वर पोतं टाकून.

सकाळी पोतं काढलं तर वर पांढरा फेस. गूळ शिजवणाऱ्या गुळव्या मामांनी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "आबा, जरा आंबलाय." आबा म्हणाले, "आंबला तरी टाकून कसा द्यावा? चुना घाल जरा जास्तीचा." आणि काहील चढली. रोजचा गूळ तीन-साडेतीन तासात उतरायचा, तो त्या दिवशी काही उतरंना. मळी नीट येईना, भेंडीचं चिकट पाणी दोनदा टाकलं, पाक थंड पाण्यात टाकून गोळी बघायची तर गोळीच बांधंना, बोटाला चिकटून लांबच लांब तार. मग मामांनी अजून चुना टाकला. मग अजून. रंग बघता बघता लाल, लालाचा काळपट. शेवटी थंड करायच्या वाफ्यात ओतला तर संध्याकाळपर्यंत शिऱ्यासारखा मऊच, दुसऱ्या दिवशी उन्हात कडेनं वाहायला लागला. जनावरांना घातला सगळा.

त्यावर चार दिवस चर्चा. कुणी म्हणालं खत जास्त झालं, कुणी म्हणालं बोअरचं पाणी बदललं, शेजारच्या काकू म्हणाल्या नजर लागली. आबांना वाटत होतं उसाची जातच फसवी आहे. रस रात्रभर हौदात होता हे सगळ्यांना माहीत होतं, मामांनी तर चाटून सांगितलं होतं, तरी त्या एका गोष्टीवर कुणी बोट ठेवलं नाही, कारण सगळ्यांना वाटायचं आंबटपणा चुन्यानं मारला की संपला विषय. मला हे पुढं कॉलेजला केमिस्ट्री घेतल्यावरही लगेच कळलं नाही. कळलं ते साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागल्यावर, रोज दर तासाला रसाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, लिहिताना. आज तेच सगळं एकदा नीट लिहून काढायचंय, कारण माझा चुलतभाऊ आता परत गुऱ्हाळ सुरू करतोय आणि त्याचे प्रश्न तेच आहेत जे तेव्हा आमचे होते.

पहिली गोष्ट. साखर पाण्यात विरघळते म्हणजे तुटते का? नाही. चहात साखर दिसेनाशी होते पण ती आहे तशीच असते, पाणी आटवलं की परत खडा मिळतो. तुटणं वेगळं. साखरेचा एक कण म्हणजे दोन छोट्या साखरा हातात हात घालून उभ्या, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज, आणि त्या दोघींना जोडणारा मधला ऑक्सिजनचा दुवा. पाण्याचा एक कण त्या दुव्यात घुसला की हात सुटतो आणि दोघी वेगळ्या होतात. वजनाच्या भाषेत सांगायचं तर ३४२ ग्रॅम साखर आणि १८ ग्रॅम पाणी मिळून ३६० ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण तयार होतं. म्हणजे पाणी इथं नुसतं भांडं नाहीये, ते स्वतः कामात येतं, खर्ची पडतं.

आता हे आपोआप होतं का तर नुसत्या शुद्ध पाण्यात, घरातल्या टेंपरेचरला, इतकं सावकाश होतं की आपल्या आयुष्यात दिसणार नाही, शेकडो वर्षांचं काम आहे ते. पण त्या पाण्यात आंबट काही आलं की सगळं बदलतं. आंबटपणा म्हणजे पाण्यात सुटे फिरणारे हायड्रोजनचे भारित कण, ते जाऊन त्या मधल्या ऑक्सिजनला चिकटतात, दुवा ढिला करतात, पाणी घुसतं, साखर फुटते आणि तो हायड्रोजन परत मोकळा. परत मोकळा! हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो खर्च होत नाही, एका कणाचं काम झालं की दुसऱ्याकडं जातो, म्हणून एवढ्याशा आंबटानं एवढी मोठी काहील बिघडते. थोडाच आंबलाय, असं म्हणून चालत नाही ते यामुळं.

पीएचचा आकडा पण इथं फसवतो. ७ म्हणजे ना आंबट ना अल्कधर्मी, त्याच्या खाली आंबट, वर चुन्यासारखं अल्कधर्मी. ताज्या उसाच्या रसाचा पीएच साधारण ५ ते ५.५. आता ७ आणि ५ मध्ये फरक दोनचा दिसतो, पण पीएचची प्रत्येक पायरी दहा पटीची आहे, म्हणजे ५ पीएचच्या रसात ७ पेक्षा ते हायड्रोजनचे कण १०० पट जास्त. आणि साखर फुटायचा वेग या कणांच्या प्रमाणात चालतो. म्हणजे बाकी सगळं सारखं ठेवून फक्त पीएच ५ वरून ७ वर नेला तर फुटण्याचा वेग शंभराव्या हिश्श्यावर येतो. आणि रात्रभरात रस आंबून ५.३ चा ४.३ झाला तर वेग दहा पट. ४.३ आणि ५.३ लिहिताना वहीत किती जवळ दिसतात.

आणि उष्णता. शाळेत शिकवतात की टेंपरेचर १० अंशानं वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होते. साखरेच्या बाबतीत ते दुप्पटच्या पुढं आहे, ३० वरून ४० अंशावर गेलं की जवळपास चौपट, आणि उकळीच्या आसपास दर १० अंशाला अडीच पट. हे साखळीनं गुणत जातं. मी एकदा लॅबमध्ये बसून ३० अंश आणि १०० अंश यांचा हिशोब लावला तर तीनेक हजार पट आला. तीन हजार! म्हणजे हौदात जे काम व्हायला महिने लागतील ते चुलवाणावर तासात.

या दोन गोष्टी एकमेकींत मिसळत नाहीत, एकमेकींना गुणतात, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. आंबट रस थंड असला तर नुकसान थोडं. गरम रस आंबट नसला तर नुकसान थोडं. आंबट रस गरम केला की दहा पट गुणिले तीन हजार पट. आमच्या त्या दिवशी नेमकं हेच झालं, रात्रभर आंबवला आणि सकाळी तास न् तास उकळला. चुन्यानं काय केलं ते पुढं सांगते.

मला हे डोळ्यांनी बघायचं होतं म्हणून मागच्या दिवाळीत सुट्टीला घरी आले तेव्हा लॅबमधून थोडं बेनेडिक्टचं निळं द्रावण घेऊन आले. या द्रावणाचा गुण असा की साखर टाकून गरम केलं तर निळंच राहतं, पण ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज असलं की हिरवं, पिवळं, शेवटी विटकरी लाल होतं. चार वाट्या घेतल्या. एकीत साखरेचं साधं पाणी थंडच. दुसरीत तेच पाणी दहा मिनिटं उकळून. तिसरीत साखरेच्या पाण्यात लिंबू पिळून थंडच. चौथीत लिंबू पिळून दहा मिनिटं उकळून. पहिल्यांदा केलं तेव्हा थंड लिंबाची वाटी पण हिरवट झाली आणि मी गोंधळले, मग लक्षात आलं की लिंबाच्या रसात स्वतःचंच थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं. म्हणून लिंबू टाकून दिलं आणि किराणा दुकानातून लिंबूसत आणलं, पाणी केलं, परत चारी वाट्या. शेवटी प्रत्येकीत चिमूट खायचा सोडा टाकून आंबटपणा मारला, मग निळं द्रावण टाकून गरम पाण्यात ठेवलं.

साधं थंड, निळं. साधं उकळलेलं, निळं. आंबट थंड, निळं. आंबट आणि उकळलेलं, बघता बघता विटेसारखं लाल.

आई मागं उभी होती, ती म्हणाली, "म्हणूनच मी पाकात लिंबू पिळते ना, नाहीतर चिरोट्यावरचा पाक दाणेदार होतो." मी तिच्याकडं बघतच राहिले. बरोबर होतं की. पाक उकळताना चार थेंब लिंबू टाकलं की थोडी साखर फुटते आणि ती फुटलेली साखर बाकीच्या साखरेला खडे बांधू देत नाही. आईला आणि आजीला ही क्रिया माहीत होती, नाव माहीत नव्हतं. आणि तिनं अजून एक सांगितलं जे मला फार आवडलं, की लिंबू गॅस बंद करून टाकलं तर उपयोग होत नाही, उकळताना टाकावं लागतं. आंबट अधिक उष्णता. तीच चौथी वाटी.

तिसऱ्या वाटीबद्दल एक सांगते नाहीतर गैरसमज होईल. थंड आंबट वाटी दहा मिनिटात निळी राहिली याचा अर्थ तिथं काही होत नाही असा नाही. तेवढ्याच आंबट पाण्यात घरातल्या टेंपरेचरला अर्धी साखर फुटायला ढोबळ हिशोबानं दोन-तीन दिवस लागतील, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, सावलीतच ४०-४२ असताना, एका दिवसाच्या आत. वेळ हा तिसरा गडी आहे, तो नेहमी विसरला जातो.

या क्रियेचा इतिहास पण उसाशी बांधलेला आहे, ते वाचून मला लई भारी वाटलं होतं. कुठलीही रासायनिक क्रिया किती वेगानं चालते हे पहिल्यांदा नीट मोजलं ते १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसानं, आणि त्यानं मोजायला काय घेतलं, तर आम्लात फुटणारी उसाची साखर. मग १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वांते अरेनियसनं टेंपरेचरचा आणि वेगाचा तो प्रसिद्ध संबंध मांडला, जो आज प्रत्येक केमिस्ट्रीच्या पुस्तकात आहे, तो पण याच साखरेच्या फुटण्यावर. म्हणजे जगभरची पोरं जे समीकरण पाठ करतात ते आमच्या काहिलीतल्या रसातून आलंय असं म्हटलं तरी चालेल. बीएस्सीला आम्ही हे समीकरण नुसतं आकडे टाकून सोडवायचो, कुणी एकदा तरी सांगायला हवं होतं की हा ऊस आहे.

मोजायची युक्ती पण सुंदर आहे. साखरेच्या पाण्यातून एकाच पातळीत डोलणारा प्रकाश सोडला तर त्याची पातळी उजवीकडं फिरते, साखरेचा ठरलेला आकडा आहे ६६.५ अंश. फुटल्यावर जे मिश्रण बनतं ते ती पातळी डावीकडं फिरवतं, २० अंशाच्या आसपास. उजव्याचं डावं होतं, उलटतं, म्हणून इंग्रजीत या क्रियेला इन्व्हर्जन म्हणतात आणि आमच्या लॅबमध्ये पण तोच शब्द, 'साहेब इन्व्हर्जन वाढलंय.' या फिरण्यावरूनच आम्ही रोज पोल, म्हणजे रसातली न फुटलेली साखर, काढतो.

आता इथं शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट आहे ती थांबून सांगते. बरेच जण आता खिशातलं छोटं ब्रिक्स मीटर घेऊन फिरतात, उसाचा थेंब टाकला आणि २० दिसलं की खूश. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं एकूण काय आहे ते. साखर असो की फुटलेली साखर, त्याला फरक कळत नाही. उलट साखर फुटली की पाणी सामावून घेतल्यामुळं ब्रिक्स किंचित वाढतंच, आणि तोडलेला ऊस वाळला की अजून वाढतं. म्हणजे बांधावर दोन दिवस पडलेल्या उसाचं ब्रिक्स ताज्यापेक्षा चांगलं दिसू शकतं आणि आत पोल घसरलेलं असतं. चवीनंही कळत नाही, गोड ते गोडच लागतं. वास नाही, रंग नाही. जातं ते फक्त खडा बांधायचं बळ, आणि कारखान्यात किंवा गुऱ्हाळात आपल्याला पाहिजे असतं तेच.

तोडलेल्या उसात मात्र काम करणारा वेगळा आहे हे मला लॅबमध्ये आल्यावर कळलं. उसाच्या कांडीतला आंबटपणा आणि ४२ अंशाची उष्णता, एवढ्या दोघांच्या जोरावर हिशोब केला तर दिवसाला साखर टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीच फुटेल. प्रत्यक्षात खूप जास्त जाते. कारण उसातच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं, ऊस उभा असताना ते आवरलेलं असतं, तोडला की मोकाट सुटतं, आणि त्याला किंचित आंबट वातावरण आणि गरमी दोन्ही मानवतं. त्यात तोडलेल्या टोकातून ल्युकोनॉस्टॉक नावाचे जंतू शिरतात, ते साखर खातात, आम्ल सोडतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. पाकाची ती लांबच लांब तार आठवते ना, जी त्या दिवशी मामांच्या बोटाला लागत होती? हौदातल्या रसात रात्रभर हेच जंतू असणार असं मला आता वाटतं. एन्झाइम आणि जंतू जास्त उष्णतेनं मरतात, काहील उकळली की त्यांचं काम संपतं. पण त्यांनी सोडलेलं आम्ल मरत नाही. ते उकळीत अजून जोरात कामाला लागतं.

२०२१-२२ चा हंगाम आपल्याकडं सगळ्यांना आठवत असेल, ऊस इतका झाला की मराठवाड्यात जून उजाडला तरी फडात ऊस उभा. त्या मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये पोलचे आकडे बघवत नव्हते. तोडणीच्या टोळ्या परत गेलेल्या, ऊस तोडला की गाडी मिळंना, गाडी मिळाली की नंबर लागंना, आणि वर ऊन. त्यातला काही ऊस जळीत, तो तर अजून लवकर बिघडतो कारण वरचं मेण आणि साल भाजून जंतूंना वाट मोकळी होते. शेतकऱ्याला वाटतं उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली ते, हा कारखान्याचा विषय. पण एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, उताऱ्यावर ठरते. २०२४-२५ ला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. म्हणजे टनाला ३३ रुपये, शंभर टनाला ३,३२० रुपये, ते पण ०.१ टक्क्यासाठी. हा उतारा एका शेतकऱ्याचा मोजत नाहीत, सगळ्या कारखान्याचा एकत्र धरतात, म्हणून एकाचा ऊस दोन दिवस उन्हात पडला तर त्याचं वजन वाळून त्याचं एकट्याचं नुकसान होतं आणि साखर फुटून सगळ्यांचं. मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो, कारण दोन दिवस ऊस पडून राहणं बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या हातात नसतं.

कारखान्यात या दोघांना, म्हणजे आंबट आणि उष्णता यांना, वेगवेगळं पकडतात. आधी रसात चुन्याचं दूध घालून आणि गंधकाचा धूर देऊन पीएच ७ च्या आसपास आणतात, मग १०० च्या वर गरम करून गाळ बसवतात. पीएच आधी सांभाळला म्हणून ती उष्णता परवडते. पुढं रस आटवायचा असतो, तिथं उष्णता कमी ठेवायची युक्ती, निर्वात पॅन. हवेचा दाब काढून घेतला की पाक ६०-७० अंशालाच उकळतो. हा पॅन इंग्लंडच्या हॉवर्डनं १८१३ मध्ये काढला आणि एका भांड्याच्या वाफेवर दुसरं भांडं तापवायची पद्धत अमेरिकेतल्या नॉर्बर्ट रिल्यूनं १८४३ मध्ये. गुऱ्हाळावर हे शक्य नाही, तिथं उघडी काहील, शेवटी ११८ अंशापर्यंत पाक जातो. म्हणून गुऱ्हाळावर उष्णता आपल्या हातात नाही, आंबटपणा आणि वेळ एवढंच आहे.

मग चुना भरपूर घालावा का? इथंच आबा आणि मामा चुकले, आणि मी पण कितीतरी वर्षं तसंच समजत होते. चुना आंबटपणा मारतो, पुढचं फुटणं थांबवतो. पण जी साखर रात्रीत फुटली ती चुन्यानं परत जुळत नाही. आणि फुटलेल्या साखरेला, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजला, आंबट चालतं पण अल्कधर्मी चालत नाही. साखर आंबटात फुटते, तिच्या त्या दोन पोरी चुन्यात जळतात. पीएच ८ च्या पुढं गेला आणि वर उकळी असली की त्या मोडून तपकिरी-काळे पदार्थ बनतात आणि वर परत आम्लं तयार होतात, म्हणजे पीएच पुन्हा खाली यायला लागतो, आणि गुळव्याला वाटतं अजून चुना पाहिजे. आमचा गूळ लाल, मग काळा का झाला याचं उत्तर हे. जितका रस आंबलेला तितकी फुटलेली साखर जास्त, तितका चुन्यानं रंग जास्त चढणार. गुळाला म्हणून साधारण ६ ते ६.५ च्या मध्ये पीएच ठेवतात.

थोडी फुटलेली साखर चांगल्या गुळातही असतेच, पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटतं ते तिच्यामुळंच, फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि काकवी करायची असली तर सगळा खेळ उलटा. काकवीत खडा बांधलेला नको असतो, म्हणून तिथं मुद्दाम लिंबूसत टाकतात आणि १०५-१०६ अंशालाच उतरवतात. जी क्रिया गुळाला मारते तीच काकवीला बाटलीत पातळ ठेवते. मध पण तसाच, मधमाश्या स्वतःच्या इन्व्हर्टेजनं फुलातली साखर फोडून ठेवतात.

या महिन्यात भावाच्या गुऱ्हाळावर दोनदा जाऊन आले. गुळव्या मामा आता सत्तरीच्या पुढं आहेत, पण भावानं त्यांनाच बोलावलंय, नुसतं बसून सांगायला. मी पीएच पेपरची पुस्तिका घेऊन गेले होते, रंगावरून आकडा कळतो ती. आदल्या संध्याकाळचा डबाभर रस मी मुद्दाम ठेवायला सांगितला होता आणि शेजारी पहाटेचा ताजा. मामांनी दोन्ही चाटले. "ह्यो कालचा," ते म्हणाले, "जिभेला चुरचुरतंय." पेपर बुडवला, ताजा ५ च्या वर, कालचा ४ च्या जवळ. मामांनी पेपर उन्हाकडं धरून बराच वेळ बघितला. मग विचारलं, "पोरी, मंग त्या साली आपला गूळ ह्याच्यानं गेला म्हण की?"

मी हो म्हणाले. त्यांनी आबांचं नाव घेतलं आणि गप्प बसले.

मग भावानं विचारलं की समजा रात्री इंजिन बंद पडलंच तर हौदातल्या रसात चुना टाकून ठेवला तर चालेल का. मी त्याला सांगितलं की आम्लाचा जोर कमी होईल पण जंतू चुन्यानं मरत नाहीत, रस सकाळपर्यंत चिकटच होणार, त्यापेक्षा आहे तेवढा रस लगेच काहिलीत घेऊन चुना ठीक करून उकळी आण, अर्धी काहील झाली तरी चालेल, उकळला की जंतू गेले. आणि नाहीच जमलं, आंबलाच, तर गुळाच्या मागं लागून चुना ओतत बसू नको. मामा म्हणाले तेव्हा आम्हाला कुणी हे सांगितलं असतं तर.

आता भावानं ऊस तोडायची वेळ बदललीय. उद्या जेवढा गाळायचा तेवढाच आज चारनंतर तोडायचा, बांधावर नाही तर कडुलिंबाच्या सावलीत रचायचा, वर पाचट आणि पाचटावर पाणी. घाणा पहाटे साडेचारला सुरू. गाळून झालं की हौद आणि घाण्याच्या लाटा गरम पाण्यानं धुवायच्या, कालच्या रसाचा थेंब राहू द्यायचा नाही, कारण तो थेंब म्हणजे विरजण. मामा तिथं बसून प्रत्येक काहिलीच्या आधी पेपर बुडवतात, चाटतात पण, आणि चुलवाणाच्या भिंतीवर कोळशानं आकडा लिहितात. परवा गेले तेव्हा भिंतीवर ओळीनं सहा आकडे होते, सगळे ५ च्या वर.